भोंग्याचं गोत्र

बँकेत वीस-बावीस वर्षं काढली की माणसाला एक गोष्ट कळते. बदली ही नुसती जागेची नसते, स्वभावाचीही असते. परतवाड्याला असताना ज्याला सारं गाव देवमाणूस म्हणत होतं, तोच अकोल्याला आला की 'खडूस' ठरतो. माणूस तोच, चष्मा तोच, डब्यातली भाकरी आणि ठेचाही तोच. फरक एवढाच, की तिकडे तो पेन्शन वाटत होता आणि इकडे थकलेल्या कर्जाची वसुली करतो.

शब्दांच्याही अशाच बदल्या होतात. काही शब्द जन्मभर एकाच टेबलावर बसून निवृत्त होतात. 'वरवंटा' हा शब्द घ्या. पाट्याच्या शेजारी रुजू झाला आणि मिक्सर आल्यावर तिथूनच सेवानिवृत्त झाला. अधूनमधून अग्रलेखवाले त्याला सरकारी वरवंटा म्हणून हंगामी कामावर बोलावतात, तेवढंच. पण काही शब्दांची सेवापुस्तिका उघडली की छाती दडपते. अशी एक सेवापुस्तिका मी अलीकडे चाळली. शब्द : सायरन. जन्म : ग्रीस. पहिली नेमणूक : समुद्रातल्या एका बेटावर, गायिका म्हणून. सध्याची नेमणूक : आमच्या बँकेच्या छपरावर, पत्र्याच्या पेटीत.

या संशोधनाला निमित्त झाले आमचे शिपाईदादा. ते सायरनला 'सायलेन्सर' म्हणतात. "साहेब, वरचा सायलेन्सर तपासाले मानूस आला," अशी वर्दी ते देतात, तेव्हा नवीन आलेले अधिकारी खिडकीतून आपल्या स्कूटरकडे बघतात. मीही सुरुवातीला त्यांचा उच्चार सुधारण्याचा प्रयत्न केला. पण आमचा सायरन ज्या इमानानं गप्प बसतो, ते पाहता 'सायलेन्सर' हेच त्याचं खरं नाव असावं, अशी माझी हळूहळू खात्री पटत गेली. तरीही मूळ शब्द आला कुठून, हा किडा डोक्यात शिरला तो शिरलाच. वाणिज्य शाखेच्या पदवीधराला एकदा का एखादी रक्कम कुठून आली हे कळेनासं झालं, की झोप लागत नाही. शब्दाचंही तसंच.

तर मूळच्या सायरन म्हणजे ग्रीक पुराणातल्या बायका. तोंड बाईचं आणि अंग पक्ष्याचं. होमरच्या 'ओडिसी' या महाकाव्यात बाराव्या सर्गात त्या भेटतात. त्या गाऊ लागल्या की जाणाऱ्या जहाजावरचे खलाशी देहभान विसरत आणि बेटाकडे वळत. तिथून परत कुणी येत नसे. बेटावरच्या कुरणात हाडांचा ढीग पडलेला. आपल्याकडे रात्री शेतातून येताना माणसाला चकवा लागतो ना, तोच हा प्रकार. फक्त वऱ्हाडात समुद्र नसल्यामुळे आपला चकवा पायी फिरतो आणि गाण्याबिण्याच्या भानगडीत पडत नाही. रात्रभर एकाच धुऱ्याला माणसाला गोल गोल फिरवतो आणि उजाडलं की सोडून देतो. ग्रीक चकवा मात्र हाडांवर येणारा.

आता तुम्ही म्हणाल, या बायका गात तरी काय होत्या? मला वाटलं होतं, शृंगारिक काही असेल. आपली कल्पना इंद्राच्या दरबारापलीकडे जात नाही. पण होमरच्या सायरन त्या वीराला वेगळंच आमिष दाखवतात. त्या म्हणतात, ट्रॉयच्या युद्धात काय काय झालं ते आम्हाला सगळं ठाऊक आहे, आणि या पृथ्वीवर जे जे घडतं तेही ठाऊक आहे. ये, थांब, ऐकून जा. म्हणजे रूपाचं आमिष नाही, बातमीचं! हे वाचलं आणि ग्रीक लोकांच्या शहाणपणापुढे मी हात जोडले. अहो, अमरावतीच्या राजकमल चौकातल्या कुठल्याही पानठेल्यावर हेच तर चालतं. "या भाऊ, ऐकलं का, त्याचं काय झालं मालूम हाय का?" एवढं एक वाक्य कानावर पडलं, की दूध आणायला निघालेल्या माणसाचं जहाज खडकावर आपटलंच म्हणून समजा. घरी दूध पोचेपर्यंत त्याचं दही झालेलं असतं.

ओडिसियस हा त्या महाकाव्याचा नायक. त्याला हे गाणं ऐकायचं तर होतं, पण मरायचं नव्हतं. सर्सी नावाच्या मायाविनीनं त्याला युक्ती सांगितली. त्यानं सगळ्या खलाशांच्या कानांत मेण भरलं आणि स्वतःला डोलकाठीला दोरीनं बांधून घेतलं. गाणं सुरू झाल्यावर तो भुवयांनी खुणा करून 'सोडा मला' म्हणू लागला, तेव्हा ठरल्याप्रमाणे दोघांनी उठून त्याला आणखी घट्ट बांधला. सेल लागलेल्या दुकानासमोरून माझी बायको मला याच पद्धतीनं नेते. डोलकाठीच्या जागी तिचा हात असतो एवढंच. गंमत म्हणजे, सायरन हा शब्द मुळात दोरी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला असावा, असं काही विद्वान मानतात. बांधून ठेवणारी ती सायरन. म्हणजे दोरीच्या जाळ्यातून सुटायला बिचाऱ्यानं दोरीच वापरली. कर्ज फेडायला कर्ज काढण्याचा प्रकार इतका जुना आहे, हे मला ठाऊक नव्हतं.

आमच्या वऱ्हाडाला मात्र असली गाणी गाऊन पुरुष ओढून आणण्याची गरज कधी पडली नाही. विदर्भाची राजकन्या रुक्मिणी. कौंडिण्यपूर तिचं माहेर, वर्धा नदीच्या काठी. हे अमरावती जिल्ह्यातलंच. तिनं कृष्णाला सरळ पत्र पाठवलं की येऊन घेऊन जा. तो आला आणि घेऊन गेला. अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळातून नेलं, असं आम्ही अमरावतीकर अभिमानानं सांगतो. ना बेट, ना मेण, ना हाडं. कामाचं बोलणं थोडक्यात आणि लेखी असावं, हा धडा बँकेच्या आधी रुक्मिणीनं घालून दिला आहे.

पुढे मध्ययुगात या सायरनची पहिली बदली झाली. पक्ष्याचं अंग गेलं, माशाची शेपटी आली आणि त्यांच्या मत्स्यकन्या झाल्या. खात्याअंतर्गत बदली म्हणायची. समुद्रातल्या एका सस्तन प्राण्यांच्या कुळालाही शास्त्रज्ञांनी यांचंच नाव दिलंय, सायरेनिया. आपल्याकडे त्यातला डुगाँग कच्छच्या आखातात आणि तिकडे मन्नारच्या आखातात आढळतो. त्याला समुद्री गाय म्हणतात. कोलंबसानं १४९३ सालच्या जानेवारीत तीन मत्स्यकन्या पाहिल्याचं नोंदवलंय आणि पुढे लिहिलंय की, चित्रात काढतात तितक्या काही त्या सुंदर नव्हत्या. त्या बहुधा समुद्री गायीच असाव्यात. फोटो पाहून मुलगी पाहायला गेलेल्या मंडळींची ही जगातली पहिली लेखी तक्रार. समुद्री गायींनी कोलंबसाविषयी काय लिहून ठेवलंय ते मात्र उपलब्ध नाही.

खरी मोठी बदली झाली ती १८१९ साली. फ्रान्समध्ये कान्यार द ला तूर नावाचे एक गृहस्थ होते. त्यांनी एक यंत्र केलं. एका तबकडीला गोलाकार भोकं पाडायची, तिच्यावर खालून हवेचा झोत सोडायचा आणि ती गरगर फिरवायची. भोक समोर आलं की हवा सुटते, भोक सरकलं की अडते. सुटली, अडली, सुटली, अडली असं सेकंदाला काही शे वेळा झालं की त्याचा सूर होतो. लहानपणी आपण सायकलच्या चाकात जुन्या पत्त्याचा तुकडा अडकवून फटफटी करायचो, तेच तत्त्व. हिशेबही आमच्या शाखेतल्या कुणालाही जमेल असा सोपा आहे. तबकडीला वीस भोकं असतील आणि ती सेकंदाला बावीस वेळा फिरली, तर वीस गुणिले बावीस, म्हणजे ४४० कंपनांचा सूर. पाश्चात्य लोक वाद्यं जुळवताना धरतात तो हाच. तबकडीचा वेग वाढला की सूर चढतो, वेग उतरला की उतरतो. सायरन 'ऊंऊंऊं' करत वर का चढतो आणि शेवटी रडल्यासारखा खाली का येतो, याचं उत्तर एवढंच. त्याची मोटर वेग घेत असते, आणि बंद केल्यावर दमून थांबत असते.

तर या गृहस्थांचं यंत्र पाण्याखालीसुद्धा गाऊ शकत होतं. म्हणून त्यांनी त्याला नाव दिलं सायरन. बाईचं नाव यंत्राला गेलं. आणि तिथून त्या बिचारीच्या गळ्यातलं गाणं गेलं ते कायमचं. जिच्या आवाजावर खलाशी जीव ओवाळून टाकत, तिच्या आवाजानं आता माणसं कानात बोटं घालू लागली.

वऱ्हाडात सायरन हा शब्द पुस्तकातून आला. आमचा खरा शब्द भोंगा. जाणकार म्हणतील की भोंगा वेगळा आणि सायरन वेगळा. खरंच आहे. गिरणीचा मूळचा भोंगा म्हणजे वाफेची शिट्टी. बॉयलरची वाफ बारीक फटीतून जोरानं निघून पितळी टोपणाच्या कडेवर आपटते आणि किंचाळते. त्यात फिरणारं काही नाही. पुढे वाफ गेली, वीज आली, मोटरवरचे सायरन बसले. पण लोकांनी नाव बदललं नाही. ओरडतोय ना, मग तो भोंगाच. देवळावरचा कर्णाही भोंगा, टुरिंग टॉकीजचा स्पीकरही भोंगा, आणि खाऊ न मिळालेल्या पोरानं पसरतो तोही भोंगाच. मराठीत एका शब्दाला तीन-चार टेबलांचं काम द्यायची पद्धत आहे. भरती बंद असल्यावर दुसरं काय होणार?

आणि भोंगा वऱ्हाडात असायलाच हवा होता. कारण हा पांढऱ्या सोन्याचा मुलूख. कापूस आला की जिन आला, प्रेस आला, गठाणी आल्या, आणि गठाणींच्या मागे गिरणी आली. नागपूरला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली. अकोल्याला सावतराम मिल, अचलपूरला विदर्भ मिल. या मिलांचे भोंगे म्हणजे त्या त्या गावाचं घड्याळ. घराघरांतून घड्याळं नव्हती तेव्हाची ही गोष्ट. पहिला भोंगा झाला की चूल पेटायची. दुसरा झाला की डबा बांधून व्हायचा. तिसऱ्याला जो फाटकाच्या बाहेर राहिला, त्याचा रोज बुडाला. गिरणीत कुणीच नसलेली घरंसुद्धा भोंग्यावर चालायची. शेजारपाजारच्या पोरी शाळेला निघायच्या त्या भोंग्यावर, दूधवाला यायचा भोंग्यावर, आणि दुपारच्या भोंग्याला वामकुक्षीतून उठून आजोबा म्हणायचे, "झाली का च्याची येळ?"

म्हणजे पाहा, ग्रीक सायरन 'ये' म्हणायची. लढाईतला सायरन 'लप' म्हणतो. आमचा भोंगा मात्र पुन्हा 'ये'च म्हणत होता. फक्त गोड नव्हे, करड्या आवाजात. आणि त्याच्या हाकेला गेलेली माणसं संध्याकाळी परत येत होती, पगार घेऊन.

आमच्या बँकेत दर नोव्हेंबरात निवृत्तिवेतनवाल्यांची गर्दी होते. हयातीचा दाखला द्यायचा असतो. 'मी जिवंत आहे' हे स्वतः येऊन सांगायचं. त्यात एक म्हातारबुवा येतात. जन्म गिरणीत गेला. पेन्शन हजार-बाराशे. या योजनेत कमीत कमी हजार रुपये द्यायचे असं २०१४ साली ठरलं, त्याच्या आसपासचीच त्यांची रक्कम. पण बँकेचं शटर वर जातं तेव्हा हे फाटकात उभे. एक मिनिट इकडे नाही, तिकडे नाही. एकदा मी म्हटलं, "बाबा, दिवसभर बँक उघडी असते. एवढी घाई कशाला? जरा उन्हं चढल्यावर आलात तरी चालेल."

म्हातारबुवा हसले. म्हणाले, "सवय हाय साहेब. भोंगा वाजत होता तवा आमी त्याले रोज शिव्या देत होतो. पहाटे पहाटे कायले बोंबलते म्हनून. अन् मिल बंद पडली त्याच्या दुसऱ्या दिवशी आमची सारी आळी जागी होती. कोनीच उठे ना. भोंगा वाजल्याबिगर उठाव कसं?"

मी त्यांच्या कागदावर शिक्का मारला. जरा जोरातच मारला. शिक्का जोरात मारला की बोलावं लागत नाही, ही कारकुनी पेशातली एक सोय आहे.

मिला एका दिवसात बंद पडल्या नाहीत. दुखणाईत मिला सरकारनं १९७४ साली कायदा करून ताब्यात घेतल्या. त्यात सावतराम होती, विदर्भ मिल होती. मुंबईत १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली जो संप सुरू झाला, त्यात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले आणि गिरणगावाचे भोंगे पुढे एकेक करून मुके झाले. आमच्याकडेही ओळीनं तेच झालं. कारणं पुष्कळ होती. जुनी यंत्रं, तोटा, यंत्रमागाशी स्पर्धा. अर्थशास्त्राच्या पुस्तकात ती क्रमांक घालून दिलेली असतात. पण भोंगा बंद पडताना त्या बंद पडण्याचा भोंगा कुणी वाजवत नाही. संकटाची सूचना देणारं यंत्रच बंद झालं, हे संकट सांगणार कोण?

असो. फार गंभीर झालो. विनोदी लेखकानं गंभीर होणं म्हणजे कॅशियरनं उदार होण्यासारखं आहे. दिवसाअखेरीस हिशेब जुळत नाही.

आमच्या शाखेच्या सायरनकडे वळतो. कॅशियरच्या पायाशी एक बटण असतं. दरोडेखोर आले की त्यानं हात वर करायचे आणि पायानं बटण दाबायचं. हे बटण आजवर दरोड्यासाठी कधी दाबलं गेलेलं नाही. पण एका दुपारी वरच्या पेटीत पाल शिरली, आणि तिनं तो पराक्रम केला. सायरन जो सुटला तो सगळा बाजार दणाणून गेला. व्यवस्थापक टेबलाखाली. सुरक्षारक्षक बंदूक घेऊन उभा, पण बंदूक कुणावर धरायची हे न कळल्यामुळे त्यानं ती आलटून पालटून सगळ्यांवर धरली. मी लेजरच्या मागे. आणि बाहेर?

बाहेर काहीही झालं नाही. रिक्षा चालू होत्या. रसवंतीचं गुऱ्हाळ चालू होतं. धावत कुणी आलं नाही. पाच मिनिटांनी समोरचा चहावाला आरामात आत आला आणि म्हणाला, "आवाज बंद करा नं भाऊ. गिऱ्हाईकाचं बोलनं ऐकू येऊन नाही राह्यलं." त्याच्या मागोमाग बाकावर बसलेला एक शेतकरी उठला. कापसाचे पैसे काढायला आला होता बिचारा. त्यानं टोपी घातली आणि शांतपणे दाराकडे निघाला. मी विचारलं, "कुठं निघालात?"

"जेवाची सुट्टी झाली नं? भोंगा झाला की. येतो मंग दोन वाजता."

त्या क्षणी माझ्या लक्षात आलं, की सायरनमध्ये अर्थ नसतोच. अर्थ ऐकणाऱ्याच्या कानात असतो. एकच आवाज. व्यवस्थापकांना तो दरोडा वाटला, चहावाल्याला कटकट वाटली आणि त्या शेतकऱ्याला भाकर.

लढाईच्या दिवसांत म्हणूनच हे अर्थ लोकांना शिकवावे लागतात. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये ठरलेलं होतं, वरखाली होणारा आवाज म्हणजे विमानं आली, लपा. एकसुरी लांबलचक आवाज म्हणजे गेली, बाहेर या. आपल्याकडेही लढायांच्या वेळी भोंगे झाले, दिवे गेले, खिडक्यांना काळे कागद लागले. अलीकडे २०२५ सालच्या ७ मे रोजी देशात ठिकठिकाणी नागरी संरक्षणाच्या रंगीत तालमी झाल्या, तेव्हा कित्येकांनी सायरन जन्मात पहिल्यांदा ऐकला. आणि ऐकून काय केलं? मोबाइल काढून त्याचं चित्रण केलं. ओडिसियसला डोलकाठीला बांधून घ्यावं लागलं होतं, आपण मोबाइलला बांधून घेतो. ऐकायचं सगळं, हलायचं मात्र नाही.

धरणाजवळच्या लोकांचं मात्र तसं नाही. मोर्शीजवळ सिंभोऱ्याला अप्पर वर्धा धरण आहे. अमरावतीचं पिण्याचं पाणी तिथूनच येतं. त्याला तेरा दरवाजे. पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडायचे म्हणजे आधी खालच्या लोकांना इशारा द्यायचा असतो. नदीकाठच्या माणसाला असल्या भोंग्याचा अर्थ विचारा. तो चित्रण करत बसत नाही. आधी ढोरं सोडतो, मग पोरं उचलतो, आणि मागं वळून बघायचं ते टेकाडावर पोचल्यावर.

आता वऱ्हाडातलं वऱ्हाड सांगतो. मागच्या लग्नसराईत अकोल्याला एका ओळखीच्यांच्या वरातीत मी होतो. पुढे डीजे, मध्ये नाचणारे, मागे घोड्यावर नवरदेव, आणि त्याच्या मागे आम्ही, म्हणजे ज्यांना जेवणाची वेळ कळते ते. या डीजेवाल्यांनी अलीकडे एक नवीन टूम काढली आहे. गाण्यात मध्येच सायरनचा आवाज घालतात. तो आला की नाचणारे दुप्पट जोरानं नाचतात. अडीच-तीन हजार वर्षांनी सायरनचं पुन्हा गाणं झालं म्हणायचं!

तर असा सायरन वाजला. पोरं उसळली. दुसऱ्यांदा वाजला. पोरं आणखी उसळली. तिसऱ्यांदा तो थांबेचना. एक जण तर रस्त्यावर लोळण घेऊन नाचू लागला. आणि तेव्हा घोड्यावरच्या नवरदेवाला, उंचावर असल्यामुळे, पुढून येणारी आणि वरातीत अडकलेली पांढरी गाडी दिसली. एकशे आठ नंबरची. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ साली सुरू झाली. एक फोन केला की येते. येते, पण तिला जाऊ द्यायला कुठला फोन करायचा, ते अजून ठरलेलं नाही. कायदा आहे. २०१९ साली दुरुस्ती झाली. रुग्णवाहिकेला वाट दिली नाही तर दहा हजारांपर्यंत दंड. पण वरातीत दंड कुणाला करायचा? घोड्याला?

नवरदेवानं काय केलं असेल? त्यानं मुंडावळ्या बाजूला केल्या, रिकिबीत उभा राहिला आणि ओरडला, "अबे ए! गानं नोहे ते! सरका बे!!"

त्या आवाजापुढे डीजे गेला वाया. जनरेटरवाल्यानं घाबरून जनरेटरच बंद केला. एकदम शांतता. आणि त्या शांततेत पहिल्यांदा सगळ्यांना खरा सायरन ऐकू आला. तोच आवाज, तोच सूर. पण कुणाचाही पाय हलला नाही. लोळण घेणारा उठला आणि त्यानंच पुढे होऊन माणसं बाजूला रेटली. गाडी हळूहळू आमच्यामधून गेली. खिडकीतून एक बाई दिसली. कुणाचा तरी हात हातात धरून बसलेली. तिनं वरातीकडे पाहिलंसुद्धा नाही. नवरीकडची एक आजीबाई पुटपुटल्या, "माय माय, बरा होवो बापा." आणि त्यांनी गाडीच्या दिशेनं अक्षता टाकल्या. हातात त्याच होत्या.

पुढे मंडपापर्यंत डीजे लागला नाही. कुणी बंद कर म्हटलं नव्हतं. पण कुणी लाव असंही म्हणालं नाही.

तेव्हापासून मी या शब्दाचा हिशेब असा मांडतो. जुन्या काळच्या सायरनचं गाणं जो ऐकत होता तो मरत होता. कानात मेण घातलेले वाचत होते. आताच्या सायरनचं उलटं आहे. ऐकतो तो वाचतो किंवा वाचवतो; आणि मेण घातलेल्यांमुळे माणसं मरतात. आणि मेण तर आपण घातलेलंच आहे. रस्त्यावर पाहा, दर दुसऱ्या कानात बोंडं खुपसलेली असतात. कापसाच्या मुलखात कानातसुद्धा बोंडंच असावीत हे ओघानंच आलं. पण ती कापसाची असती तर निदान भाव तरी मिळाला असता.

बाकी, सायरन, भोंगा, शिट्टी, कर्णा या सगळ्यांना विचारायचं असतं ते फक्त एक वाक्य. आणि ते वाक्य मराठी घरात पिढ्यान् पिढ्या स्वयंपाकघरातून आलेलं आहे. त्याला ना तबकडी लागते, ना वाफ, ना वीज. भोकांचा आणि वेगाचा हिशेब तिथं चालत नाही. त्याचा सूर चढता आहे की उतरता, यावरून घरातल्या माणसाला दरवाजे किती उघडलेत याचा अचूक अंदाज येतो. ते वाक्य म्हणजे, "अहो, ऐकलं का?"

तुम्ही काहीही करत असा, वाचकहो. पेपर वाचत असा, हिशेब करत असा, नाही तर सायरनवर लेख लिहीत असा. या प्रश्नाला 'हो' म्हणून उठावं. चकवा लागलेला माणूस उजाडल्यावर तरी सुटतो. हा भोंगा ज्यानं ऐकला नाही, त्याला दुपारी जेवणाची सुट्टी होत नाही.